क्लचचं ऑइल कमी झालं? भरण्याआधी गळती शोधा

घड्याळं एक तास पुढे गेली, संध्याकाळी उजेड राहायला लागला, आणि इथे ब्रिटनमध्ये हिवाळाभर झाकून ठेवलेल्या मोटरसायकली आता बाहेर निघतायत. आजच्या 'घरचं गॅरेज' भागात त्यांच्या हायड्रॉलिक क्लचबद्दल बोलू या.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हात भारतात राजदूत, बुलेट नाहीतर स्प्लेंडरवर बसला. त्या गाड्यांच्या क्लचला केबल. तुटली की कोपऱ्यावरचा मिस्त्री बघता बघता नवी घालून द्यायचा. इथे होंडा व्हीएफआर 800 किंवा यामाहा एफजेआर 1300 घेतली की ती केबलच नसते. हँडलवरच्या लिव्हरपाशी एक छोटा पंप असतो, तो मास्टर सिलिंडर. त्यातला द्रव नळीतून खाली जातो आणि इंजिनाच्या डाव्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो. पिस्टन एका सळईला रेटतो आणि क्लचच्या प्लेटा सुटतात.

आता मुख्य गोष्ट. ब्रेकचे पॅड झिजतात तशी ब्रेकच्या डबीतली पातळी खाली जाते. ते साहजिक आहे. क्लचचं उलटं असतं. प्लेटा झिजल्या की सळई स्लेव्हच्या पिस्टनला आत ढकलते आणि डबीतली पातळी थोडी वर येते. म्हणजे क्लचची पातळी खाली गेली तर त्याला झीज कारण नाही, कुठेतरी गळती आहे. नुसतं वरून भरून गाडी काढली, तर एखाद्या दिवशी राउंडअबाउटच्या तोंडाशी लिव्हर हँडलला टेकेल आणि क्लच सुटणारच नाही. तशी वेळ आलीच तर थ्रॉटल सोडा, ब्रेक लावा आणि किल स्विच दाबा.

दुसरं, नावाचा घोळ. आपले मिस्त्री याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते तेल नव्हे. व्हीएफआर आणि एफजेआरला डॉट 4 लागतं. काही गाड्यांच्या क्लचला मात्र खरोखरच मिनरल ऑइल लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलं की रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. म्हणून आधी डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

डॉट 4 हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषलेल्याचा 155 पर्यंत उतरलेला चालतो. म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका. आणि डॉट 4 रंग खातं. टाकीवर जाड फडकं घाला, थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

डबीतला द्रव काळा झालाय, लिव्हर मऊ लागतेय, न्यूट्रल सापडत नाही, अशी लक्षणं असतील तर बहुतेक वेळा स्लेव्हचं सील गेलेलं असतं. व्हीएफआरमध्ये तो पुढच्या स्प्रॉकेटजवळ बसतो, त्यामुळे चेनचं ग्रीस आणि रस्त्यावरचं मीठ त्याच्या अंगावर साचतं. आधी तो भाग बाहेरून साफ करा, मगच बोल्ट सोडा.

पिस्टन काढायचा असेल तर नळी लगेच सोडू नका. सिलिंडर फडक्यात धरा आणि लिव्हर हळूहळू दाबा, पिस्टन आपसूक बाहेर येतो. पिस्टन काढायचा नसेल, तर मात्र सिलिंडर उतरल्यावर लिव्हरला हात लावायचा नाही. मुलं आसपास असतील तर त्यांनाही बजावून ठेवा. पिस्टन आत दाबून प्लास्टिकच्या पट्टीने बांधा.

सिलिंडर आतून बोट फिरवून पाहा. ओरखडे किंवा गंजाचे खड्डे लागले तर नवं सील टिकणार नाही, पूर्ण सिलिंडर बदला. गुळगुळीत असेल तर ताज्या डॉट 4 ने पुसा, सीललाही तेच लावा. पेट्रोल किंवा ग्रीस लावू नका. जुनं सील कोणत्या तोंडाने बसलं होतं त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. नळीच्या बोल्टाखालचे दोन्ही वॉशर दर वेळी नवे. बोल्ट किती आवळायचा तो आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्कचा पाना वापरा.

मग हवा काढायची. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर सावकाश तीन-चार वेळा दाबा आणि दाबून धरा. निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा परत आत शिरते. डबी कधीही रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे हटत नसतील, तर स्वच्छ सिरिंजने खालच्या निपलमधून द्रव वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. डबी वरून सांडत नाही ना, यावर दुसऱ्या कोणाला लक्ष ठेवायला सांगा. शेवटी पातळी खुणेपर्यंतच ठेवा, काठोकाठ नको.

आता परीक्षा. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा, पहिला गिअर टाका आणि लिव्हर दाबा. मागचं चाक हाताने फिरलं पाहिजे. रात्रभर खाली कोरा कागद ठेवा. सकाळी कागद कोरा असेल तर आधी गल्लीत एक फेरी मारा, मोटरवे नंतर.

काढलेला द्रव गटारात ओतायचा नाही. बंद बाटलीत ठेवा आणि तुमच्या कौन्सिलच्या रीसायकलिंग केंद्रात विचारून तिथे द्या.

आणि यातली एखादी पायरी अवघड वाटली, तर सरळ मेकॅनिककडे जा. त्यात कमीपणा नाही. पण जाण्याआधी डबीच्या काचेतून पातळी बघून जा आणि ती खाली गेली असेल तर त्याला सांगा, "नुसतं भरू नका, गळती कुठे आहे ते दाखवा."

मंडळी, गाडी जपून चालवा. नमस्कार.