सहीची जोखीम



कोल्हापुरात, शाहू स्मारक भवनात, सहकाराच्या परिषदेचा अध्यक्ष ब्लॉकचेनवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या. पण दुसऱ्याच्या पैशावर सही करणाऱ्याला जबाबदार कसं धरायचं, हा आपला लेखापरीक्षकांचाच धंदा आहे. १९०४ च्या सहकार कायद्यानं ग्रामीण पतसंस्थांच्या सभासदांवर अमर्याद जबाबदारी टाकली होती. एकानं बुडवलं की झळ सगळ्या गावाला. आता १९६० च्या राज्य सहकार कायद्यातल्या कलम ८३ ची चौकशी आणि ८८ ची जबाबदारी निश्चिती यांत आपली उमेद खर्च होते. नोटीस, खुलासा, सुनावणी, अपील. निकाल लागेतो एखादे संचालक निवर्तलेले असतात आणि नोटीस वारसांच्या दारात जाते.

इथेरियम या ब्लॉकचेननं १५ सप्टेंबर २०२२ रोजी विजेचा धूर काढणारं ‘मायनिंग’ बंद केलं. तेव्हापासून तिथली वही तपासणाऱ्याला, म्हणजे व्हॅलिडेटरला, किमान ३२ इथर (तिथलं चलन) आधी ठेव म्हणून अडकवून ठेवावे लागतात. खोटी सही सापडली की दंड त्यातूनच कापला जातो; वसुलीला मालमत्ता शोधत फिरायची गरजच नाही. इथेरियमचा जनक व्हिटालिक ब्युटेरिननं २०१४ मध्येच ‘स्लॅशर’ या नावानं अशा दंडाची कल्पना मांडली होती.

गुन्हे मोजकेच. एकाच पाळीत दोन वेगळे ब्लॉक पुढे करणं, एकाच टप्प्यावर दोन मतं देणं, किंवा आधीच्या मताला वेढा घालणारं दुसरं मत देणं. प्रत्येकात पुरावा म्हणजे त्याच माणसाच्या, एकमेकींना खोटं पाडणाऱ्या दोन सह्या. साक्षीदार नको, हेतू सिद्ध करायला नको. पुरावा ब्लॉकमध्ये दाखल करणाऱ्याला थोडं बक्षीसही मिळतं. दोषी लगेच कामावरून उतरतो, पण त्याचे पैसे सुमारे ३६ दिवस अडकून राहतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती दंडाची आकारणी. पहिली कपात बारीक असते. ती पूर्वी ठेवीच्या बत्तिसाव्या भागाइतकी होती, मे २०२५ च्या ‘पेक्ट्रा’ सुधारणेनं ४,०९६ व्या भागावर आणली. खरा हिशेब त्या ३६ दिवसांच्या मध्यावर होतो. त्या सुमारास आणखी किती जण असेच सापडले, ते पाहिलं जातं. एकटाच असेल तर फारसं जात नाही. एकूण ठेवीतला एक तृतीयांश हिस्सा एकत्र सापडला, तर प्रत्येकाची सगळी ठेव जाते. चूक एकट्याची असते, कट अनेकांचा असतो, एवढा व्यवहार त्या गणितात आहे.

गैरहजेरीचा न्याय वेगळा. यंत्र बंद पडलं तर किरकोळ कपात. मात्र एक तृतीयांशाहून अधिक मतं गायब झाली की वहीवर अंतिम शिक्का बसणं थांबतं, आणि ते लांबलं तर गैरहजरांची ठेव झिजू लागते. हजर असलेल्यांचा वाटा दोन तृतीयांश होईपर्यंत. मे २०२३ मध्ये ११ आणि १२ तारखेला असा शिक्का खरोखर थांबला होता.

या व्यवस्थेला दया मात्र ठाऊक नाही. आजवर सापडलेल्यांतले बरेचसे लबाड नव्हते. सेवा खंडित होऊ नये म्हणून त्यांनी तीच किल्ली दोन यंत्रांवर चालू ठेवली आणि दोन्ही यंत्रांनी सह्या केल्या. आपल्याकडे खुलाशाला जागा असते. ती वेळ खाते हे खरं, पण ती काढून टाका असं मी म्हणणार नाही.

हे दूरचं वाटत असेल, तर २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम झाला, हे लक्षात घ्या. पॉलिगॉन मुंबईत सुरू झालेलं, तेही ठेवीवरच चालणारं. तिथली नोंद नंतर बदलता येणं अवघड. पण मुळात खोटा दाखला एकाच सहीनं, एकदाच नोंदवला तर कुठलाही व्हॅलिडेटर त्याला अडवणार नाही. विनातारण दिलेल्या कर्जाचंही तसंच.

पहिल्या सत्रासाठी माझा एक प्रस्ताव आहे. कलम ८८ खाली नुकसान वाटताना ठरावावर सह्या करणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा वाटा आपण घटवतो. तो वाढवायचा का? विरोधात नोंदवलेल्या मताला मग आजच्यापेक्षा फार किंमत येईल, आणि मुकाट सही करणारे संचालक वकिलाला विचारल्याशिवाय पेन उघडणार नाहीत. कामं रखडतील, ही हरकत खरी आहे. तिच्यापासूनच चर्चेला सुरुवात करा.