पदराला पुसलेला दात

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे पोहोचायच्या आधी काय करावं, यावर बोलतो. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कमी होईल की!" होणार नाही. खुर्चीत बसवल्यावर काय करायचं ते आम्ही शिकलेलो असतो. पण दात वाचणार की जाणार, याचा निकाल पुष्कळदा त्याआधीच, अंगणात नाहीतर रिक्षात लागून गेलेला असतो.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडावर मित्राची बॅट बसली. वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर. आजी त्याला घेऊन आल्या, दातही न विसरता आणला होता. नळाखाली बोटांनी खसखसून धुतलेला, जंतुनाशकात बुचकळलेला, पदराला पुसून कोरडा केलेला आणि कागदाच्या पुडीत बांधलेला. पुडी सोडली तर आत मोत्यासारखा चकचकीत दात. चूक एकच झाली होती, त्याचं मूळ फार स्वच्छ होतं.

दात जबड्यात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा, बारीक धाग्यांचा पडदा असतो. त्या धाग्यांवर दात झोपाळ्यासारखा टांगलेला असतो म्हणा ना. दात निखळतो तेव्हा हे धागे तुटतात आणि त्यांतले काही मुळाला चिकटून बाहेर येतात. मुळावर तांबूस ओलसर लव दिसते ना, तीच ती. तिच्यातल्या पेशी अजून जिवंत असतात आणि दात परत बसवला तर त्याच पेशी त्याला पुन्हा धरतात. उघड्यावर कोरड्या पडल्या की अर्ध्या तासात त्यांचा धीर सुटू लागतो. तासाभराने बहुतेक खेळ संपतो. आजींनी मळ समजून घासून काढली, ती हीच लव.

आजींना दोष कसा द्यायचा? आपल्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायची रीत. पडलेला दात परत आपल्या जागी जाऊ शकतो, ही कल्पनाच कुणी आपल्याला दिलेली नाही.

मग करायचं काय? आधी मुलाकडे बघा. शुद्ध हरपली, उलट्या होताहेत, झापड येतेय, तर दात राहू द्या, आधी हॉस्पिटल गाठा. मूल शुद्धीवर आहे, रडतंय, भांडतंय, तर दात शोधा. सापडला नाही तर डॉक्टरांना तसं सांगा. तो ओठात रुतलेला किंवा श्वासनळीत गेलेलाही असू शकतो. उचलताना चावायच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट नको. माती लागली असेल तर थोड्या दुधात हलकेच हलवा. दूध नसलं तर नळाची धार क्षणभर चालेल. चोळायचं नाही, पुसायचं नाही. आणि आता धाडसाचं काम: शेजारच्या दाताशी जुळवून, पुढची बाजू पुढे ठेवून, तो हलक्या हाताने त्याच्या खोबणीत बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. रक्त निघतं, हात थरथरतात, मला कळतं. पण याहून चांगला उपाय आमच्याकडेसुद्धा नाही.

हिंमत झाली नाही तर दूध. साधं, थंड, पिशवीतलं दूध; साखर, हळद, चॉकलेट काही न घातलेलं. दुधाचा खारेपणा आणि आम्लपणा शरीरातल्या द्रवाच्या बराच जवळचा असतो, त्यामुळे पेशी त्यात काही तास तग धरतात. पाण्यात त्या फुगून फुटतात. ताक-दही आंबट, ते नको. दूध मिळालंच नाही तर त्याच मुलाला वाटीत थुंकायला लावा आणि दात त्या थुंकीत ठेवा. किळस येईल, पण कागदाच्या पुडीपेक्षा ते शंभर पटींनी बरं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा.

यात एक अपवाद आहे. दुधाचा दात कधीच परत बसवायचा नाही. खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर पुढचा दात बहुधा दुधाचाच. तो खुशाल कौलावर जाऊ द्या.

आता दाढदुखी. ती रात्रीच का ठणकते? दाताच्या आतली नस सुजते, पण भिंती दगडी, फुगायला जागा नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका दुप्पट होतो. म्हणून दोन उशा घ्या. लवंगेचं तेल खोटं नाही. त्यातलं युजेनॉल आम्हीही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतो. पण कापसावर थेंबभर, तेही किडलेल्या खड्ड्यात. हिरडीवर ओतलं तर भाजतं. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवणारेही येतात. त्यांच्या गालाचं आतलं कातडं पांढरं होऊन सुटलेलं असतं. गोळी गिळायची असते हो! आणि मेडिकलवाल्याकडून आणलेल्या अँटिबायोटिकने नसेचा ठणका थांबत नाही. जाता जाता एक सांगतो: डावा जबडा दुखतोय, सोबत घाम आणि छातीत दडपण आहे, तर माझ्याकडे येऊ नका, हृदयाच्या डॉक्टरकडे जा.

सुजेला मात्र मी स्वतः घाबरतो. गाल सुजला की आपल्याकडे गरम शेक आणि आंबेहळदीचा लेप ठरलेला. शेकाने सूज उतरायच्या ऐवजी पसरू शकते. बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ धरा आणि त्याच दिवशी दाखवा. पण सूज हनुवटीखाली उतरली, तो भाग लाकडासारखा कडक लागला, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळवेना, आवाज घोगरा झाला, तर दाताचा दवाखाना शोधत बसू नका. १०८ला फोन करा, मोठं हॉस्पिटल गाठा. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली या दुखण्याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला पडलं. सुरुवात बहुधा खालच्या किडक्या दाढेतून होते आणि शेवटी श्वासाची वाट बंद होते.

(श्रोत्यांतून प्रश्न: त्या मुलाचं पुढे काय झालं?)

दात आम्ही बसवला. मेलेल्या मुळाला हाड चिकटतं आणि मग शरीर ते मूळ हळूहळू खाऊन टाकतं. पण तेवढी वर्षं तिथलं हाड टिकतं, आणि वाढत्या वयात ते हवंच असतं. मुलगा आता अकरावीत आहे. जबडा वाढला, दात होता तिथेच राहिला, त्यामुळे शेजाऱ्यापेक्षा आखूड दिसतो. परवाच्या एक्स-रेत मूळ निम्मं विरघळलेलं होतं.