एका गावाची विद्या, पाच घराणी

 

गेल्या महिन्यात बैठक सुरू व्हायच्या आधी एकीने मोबाईलवर चित्रफीत दाखवली. चीनमधली बाग, सकाळची वेळ आणि रांगेत उभ्या असलेल्या आजीबाई. सगळ्या मिळून हात इतके सावकाश फिरवत होत्या, जणू पाण्यात चालल्या आहेत. खाली नाव होतं ताई ची. लगेच कुणीतरी विचारलं, "कोणत्या ताईची?" हशा पिकला. पण मग आम्हीच शोध घ्यायचं ठरवलं. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

हा नुसता व्यायाम नाही, ही लढायची विद्या आहे. पूर्ण नाव ताईजीच्वान. च्वान म्हणजे मूठ. ताईजी म्हणजे सगळ्याचं मूळ तत्त्व. काळा-पांढरा अर्धा अर्धा असलेला गोल तुम्ही पाहिला असेल, ते त्याचंच चित्र. हिला अंतर्गत विद्या म्हणतात, कारण दंडातल्या ताकदीपेक्षा श्वास, मनाची एकाग्रता आणि कमरेतून येणारा जोर यावर तिचा भर असतो. जात्यावर दळलेल्या बायकांना हे लगेच कळेल. नुसत्या हाताने ओढलं तर खांदा भरून येतो, कंबर फिरली की जातं आपोआप फिरतं.

ही विद्या आली कुठून? लोककथा सांगते की वूदांग डोंगरावरच्या झांग सानफेंग नावाच्या साधूने ती निर्माण केली. पण इतिहासाचा माग काढला की तो हेनान प्रांतातल्या एका खेड्यापाशी जातो. चेनज्यागोउ, म्हणजे चेन घराण्याची घळ. तिथे सतराव्या शतकात चेन वांगतिंग नावाचा माणूस लष्करातली नोकरी संपवून घरी परतला आणि त्याने ही विद्या बसवली, असं मानतात. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती चेन घरातच राहिली. मुलाला शिकवायची, मुलीला नाही, कारण मुलगी लग्न होऊन गेली की विद्याही परक्या घरी जाईल, असा रिवाज होता म्हणतात. ऐकल्यासारखं वाटतं ना?

मग कडी उघडली. यांग लुचान (1799 ते 1872) हा हबेई प्रांतातला गरीब घरचा माणूस. तो चेनज्यागोउला राहिला. रात्री लपून तालीम बघायचा, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, चेन चांगशिंग या गुरूंनी परक्या घरच्या या माणसाला विद्या दिली, एवढं नक्की. पुढे यांग बीजिंगला गेला, राजघराण्यातल्या लोकांना शिकवू लागला, आणि एका गावाची विद्या देशाची झाली.

भजन एकच असलं तरी प्रत्येक मंडळाची म्हणायची ढब वेगळी असते ना, तसंच इथे झालं. आज पाच घराणी मुख्य मानतात. चेन घराण्यात हळू आणि वेगवान हालचाली मिसळलेल्या, मध्येच पाय आपटणं, आणि अंग पिळत पिळत फिरवणं. त्याला ते रेशीम ओढणं म्हणतात. कोशातून धागा काढताना झटका दिला तर तुटतो, सैल सोडला तर गुंततो, तसं. यांग घराणं संथ, मोकळं, एका लयीचं. यांगचा नातू यांग चेंगफू याने ते रूप पक्कं केलं. नंतरची दोन घराणी आपल्या कानाला एकाच नावाची, वू आणि वू. एक वू यूशियांगचं, अगदी आटोपशीर हालचालींचं. दुसरं वू च्वानयोउ आणि त्याचा मुलगा वू ज्येनच्वान यांचं, अंग किंचित पुढे झुकवणारं. पाचवं सुन लुतांगचं. त्याने हाओ वेइझेन या आजारी गुरूची सेवा केली, आणि गुरूने बरं झाल्यावर त्याला ही विद्या शिकवली. त्यात त्याने आपल्याला आधीपासून येणाऱ्या दोन विद्या मिसळल्या. एक पाऊल पडलं की दुसरं लगेच मागे येतं, ही त्याची खूण.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जी विद्या मुलींना द्यायची नाही म्हणत, ती पुढे मुलींनीच सांभाळली. सुन लुतांगची मुलगी सुन ज्येनयुन हिने 2003 साली मरण येईपर्यंत वडिलांचं घराणं पुढे नेलं. वू ज्येनच्वानची मुलगी वू यिंगहुआ शांघायमध्ये नवऱ्याच्या जोडीने शिकवत राहिली. 1956 साली चीन सरकारने यांग घराण्यावरून 24 हालचालींचा सोपा संच तयार करवला. तो पाच-सहा मिनिटांत होतो. म्हणून तर त्या आजीबाई बागेत दिसतात. म्हातारपणी तोल सांभाळायला आणि पडणं कमी व्हायला याची मदत होते, असं वैद्यकीय अभ्यासांतही दिसलं आहे. 2020 साली युनेस्कोने या विद्येला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मैत्रिणींनो, हे ऐकताना आम्हाला आमचीच एक चूक आठवली. आमच्या एका गटात हिशेब एकीलाच यायचा. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि तीन बैठका नोंदवही कोरी राहिली. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. ती बाई वाईट नव्हती. आम्हीच कधी दुसरीला वहीजवळ बसवलं नव्हतं. आता दर महिन्याला वही वेगळी बाई लिहिते. सुरुवातीला खाडाखोड झाली, बेरजा चुकल्या. पण आज पाचजणींना हिशेब येतो, आणि प्रत्येकीची लिहायची पद्धत थोडी वेगळी आहे. असू दे. शेवटी बेरीज जुळली की झालं.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटात कुठलं काम एकीलाच येतं ते विचारा. बँकेची पावती भरणं असेल, मसाल्याचं प्रमाण असेल, शिवणयंत्र दुरुस्त करणं असेल. तिच्या शेजारी दुसरीला बसवा, आणि आपल्या मुलीलाही बसवा.