तुटीचा धनी कोण?

पदवीधर मित्रहो,

आपले रीतसर अभिनंदन करतो आणि पुढे जातो. कारण ज्याचे आयुष्य कोषागारात देयके तपासण्यात गेले, त्याच्यापाशी स्तुतीची शिल्लक बेताचीच असते, तक्रारींची मात्र मुबलक.

मी नोकरीस लागलो ते एका जिल्ह्याच्या कोषागारात. वर्षभर ज्या कचेऱ्यांना खर्चाची सवड मिळालेली नसे, त्यांचे शिपाई 31 मार्चच्या रात्री देयकांच्या चळती मांडीवर घेऊन आमच्या व्हरांड्यात बसलेले असत. कारण मंजूर तरतूद खर्ची पडली नाही तर ती व्यपगत होते आणि पुढील साली तिला कात्री लागते, हे पट्टेवाल्यापासून साहेबापर्यंत सर्वांस मुखोद्गत होते. एका कचेरीने, तिच्या इमारतीत वीज येऊन काही वर्षे लोटली असताना, कंदील आणि त्यांच्या जादा काचा घेतल्याचे देयक आणले. लेखाशीर्ष बरोबर, तरतूद शिल्लक, सही-शिक्का यथास्थित, तेव्हा ते मंजूर करण्यावाचून आम्हांस गत्यंतर नव्हते. उलटपक्षी एका भल्या अधिकाऱ्याने काटकसरीने काही रक्कम वाचविली, तेव्हा ती मुदतीत समर्पित का केली नाही, असा खुलासा त्याच्याकडून मागविण्यात आला. पुढल्या मार्चमध्ये त्याचाही शिपाई व्हरांड्यात दिसला.

आमच्या पेशाविषयी माझे जुने गाऱ्हाणे आहे ते हेच, की खर्च नियमास धरून झाला की नाही एवढेच आम्ही पाहतो. ज्याच्या खिशातून तो झाला त्यास आधी विचारले असते तर तो राजी झाला असता काय, हे विचारण्याची आम्हांस मुभा नाही, आणि ज्या अर्थशास्त्रज्ञांस ती आहे त्यांस बहुधा सवड नसते. ज्या एकाने ती काढली, ते प्राध्यापक बी. आर. शेणॉय. 1955 साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर मत देण्यासाठी नेमलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात बाकी सर्वांचे एकमत झाले असता, तुटीच्या अर्थभरण्यावर एवढी मोठी योजना उभारणे धोक्याचे आहे, अशी भिन्नमतपत्रिका या एकट्या गृहस्थाने जोडली. पुढे मंजूर झालेल्या योजनेत सरकारी क्षेत्राच्या 4,800 कोटींपैकी 1,200 कोटी, म्हणजे नेमका चतुर्थांश, तुटीतून उभा राहावयाचा होता. योजना सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली. तरीही शेणॉयांना प्रतिष्ठेच्या वर्तुळात मिळावयाचे स्थान मिळाले नाही. बरोबर ठरलेल्या माणसाला आपल्याकडे फारसे कोणी क्षमा करीत नाही.

त्याच 1955 साली सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक सोय झाली होती. सरकारची रोख शिल्लक 50 कोटींच्या खाली गेली, की 91 दिवसांच्या हुंड्या बँकेच्या नावे आपोआप निघत आणि तिजोरी भरे. संसदेत चर्चा नको, बाजारात जाणे नको. तात्पुरती म्हणून काढलेली ही तसलमात 1997 पर्यंत चालली, आणि ती बंद करताना थकलेल्या हुंड्यांचे रूपांतर झाले ते ज्यांना फेडीची मुदतच नाही अशा रोख्यांत. सावकार असा मिळाला तर कोणता कर्जदार हात आखडेल?

मी रस्ते नकोत, न्यायासने नकोत, दुष्काळात तगाई नको असे म्हणणारा नव्हे. पण एक गोष्ट मी वारंवार सांगत आलो आणि आजही सांगणार: सरकारचा स्वतःचा असा एक छदामही नसतो. घटनेच्या 265 व्या कलमान्वये कायद्याच्या आधारावाचून कर बसविता येत नाही. परंतु तुटीपायी वाढलेल्या चलनाने पगारदाराच्या मिळकतीतून आणि एखाद्या विधवेच्या पोस्टातील ठेवीतून जे हळूहळू नाहीसे होते, त्याला ना मागणीपत्र, ना पावती, ना अपील. उघड कर निदान दिसतो. 1973-74 साली प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्के होता, म्हणजे शेवटच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याचे. एवढ्या दरानेच करचुकवेगिरी पोसली जाते असे वांच्छू समितीने सांगितल्यावर तो पुढील साली 77 वर आला. डोळ्यांस दिसला म्हणूनच त्याविरुद्ध बोलता आले. न दिसणाऱ्या करासंबंधी तुम्ही बोलावे, अशी माझी अपेक्षा आहे, मग तुम्ही सचिवालयात बसा, बँकेत बसा वा वर्तमानपत्रात. 2003 साली वित्तीय जबाबदारीचा कायदा होऊन तुटीवर 3 टक्क्यांची मर्यादा आली खरी, पण मर्यादा घालणारा आणि ती पुढे ढकलणारा एकच असल्यामुळे ती वारंवार पुढे ढकलली गेली.

बोलून काय होते, असे तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल. 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नामदार गोखले अर्थसंकल्पावर प्रथमच बोलावयास उभे राहिले, तेव्हा तुटीचा नव्हे, उलट शिलकेचा मामला होता. सरकार सालोसाल शिल्लक दाखवून समृद्धीचा डांगोरा पिटीत होते, आणि गोखल्यांचे म्हणणे असे, की दुष्काळ व प्लेग यांनी गांजलेल्या रयतेकडून गरजेहून अधिक घेतले म्हणून ही शिल्लक उरली. सभागृहात सरकारी मतांचे पारडे जड होते, एकही आकडा त्या दिवशी बदलला नाही. पुढील साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनावर आला, 1905 साली दीडावर आणि 1907 साली एक रुपयावर.