विमानाचं इंधन, उसाची मळी आणि आपल्या लोणीचं पाणी

एसटीत असाल, रानात असाल नाहीतर हॉस्टेलच्या गच्चीवर, हेडफोन नीट लावा. आज विषय आहे विमानाचा. आणि बोलतोय लोणीवरून. लोणी काळभोर नव्हे, प्रवरानगरचं लोणी तर नव्हेच. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, धामणीच्या शेजारचं, बेल्हे-जेजुरी रस्त्यावरचं आपलं लोणी.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. पहिल्यांदा विमानानं पुण्याहून दिल्लीला निघालाय. विचारतोय, "दादा, विमानात प्लास्टिकचा चमचा घेतला नाही, तर पर्यावरणाला खरंच काही फरक पडतो का?"

प्रश्न साधा वाटतो, पण मला आवडला. आपण हिशेबच करू.

आधी चमचा. 1 जुलै 2022 पासून देशभरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर, काट्यांवर आणि स्ट्रॉवर बंदी आहे. आपल्या राज्यात तर 2018 पासूनच प्लास्टिकबंदी आहे. त्यामुळे चमचा बहुधा लाकडीच मिळेल. खरा कचरा आहे अन्नाचा. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आहे, आयाटा. तिच्या हिशेबानं 2023 मध्ये जगभरातल्या विमानांतून 36 लाख टनांहून जास्त कचरा निघाला आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश खाण्यापिण्याचा होता. हातही न लावलेली जेवणं त्यात भरपूर! आंतरराष्ट्रीय विमानातलं उरलेलं अन्न तर बऱ्याच देशांत थेट जाळून टाकावं लागतं, कारण जनावरांचे रोग पसरायची भीती असते. म्हणजे बंद डबासुद्धा कुणाला देता येत नाही.

यावर जपान एअरलाइन्सनं सोपा उपाय काढला. जेवण नको असेल तर आधीच कळवा, तुमचा ट्रे विमानात चढवतच नाही. आपल्याकडच्या स्वस्त विमानांत जेवण आधी पैसे भरून मागवायचं असतं. आपण त्याला कंजूसपणा म्हणून नावं ठेवतो, पण कचऱ्याच्या बाबतीत तीच पद्धत शहाणी आहे.

आता वजन. जपानच्याच ऑल निप्पॉन एअरवेज या कंपनीनं 2009 मध्ये प्रवाशांना विनंती केली होती, की विमानात बसण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. हसू नका! माणूस हलका, तर विमान हलकं. विमानात चढवलेल्या प्रत्येक किलोमागे तासाला त्याच्या साधारण 3 टक्के इंधन नुसतं ते वजन वाहायला लागतं. पुणे-दिल्ली प्रवास दोन तासांचा धरा. तुम्ही बॅगेत 10 किलो कमी भरलं, तर अर्धा-पाऊण किलो इंधन वाचलं.

बरं वाटलं ना? आता पुढचा आकडा ऐका. 180 सीटांचं नेहमीचं विमान तासाला साधारण अडीच टन इंधन पितं. दोन तासांचे झाले पाच टन. विमान भरलेलं असलं तरी माणशी 27-28 किलो. एक किलो इंधन जळालं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तुमच्या एकट्याच्या वाट्याला एका बाजूचे 85 किलोच्या आसपास. चमचा असतो चार-पाच ग्रॅमचा.

तर दादा, चमचा जरूर नाकार. पण खरी गोष्ट टाकीत आहे.

आणि या टाकीचा रस्ता थेट आपल्या तालुक्यात येतो. 19 मे 2023 ला एअर एशिया इंडियाचं एक विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. त्याच्या इंधनात एक टक्क्यापर्यंत शाश्वत विमान इंधन मिसळलं होतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सॅफ म्हणतात. ते तयार केलं होतं पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं, उसाच्या मळीपासून! मळीचं इथेनॉल, इथेनॉलमधलं पाणी काढून इथिलीन, इथिलीनचे छोटे रेणू जोडून लांब साखळ्या, आणि शेवटी हायड्रोजन देऊन विमानाला चालेल असं इंधन. विमानाच्या इंजिनात काहीही बदल करावा लागत नाही.

धूर तेवढाच निघतो बरं का. फरक एवढाच, की तो कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला असतो, जमिनीखालच्या तेलातून आलेला नसतो.

केंद्रानं उद्दिष्टं ठरवली आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2 टक्के, 2030 मध्ये 5 टक्के मिश्रण. आकडे छोटे दिसतात, पण त्यासाठी इथेनॉल भरपूर लागेल. आता आपल्या शेजारी बघा. पारगावला भीमाशंकर कारखाना, पलीकडे जुन्नरला विघ्नहर. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरात कुणी ना कुणी सभासद असेल. उद्या विमानाच्या नावानं उसाला दोन पैसे जास्त मिळणार असतील, तर कोण नको म्हणेल?

मला अडचण इथंच दिसते. डिंभ्याचं पाणी ज्यांच्या रानात पोचतं, त्यांच्याकडे ऊस आहे. आपल्या लोणी-धामणीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. म्हाळसाकांत उपसा सिंचन योजनेची मागणी करत एक पिढी म्हातारी झाली. कृषी खर्च आणि मूल्य आयोगानं एकदा हिशेब मांडला होता, की राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम 4 टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी तो पितो. पाऊस कमी झाला तेव्हा काय झालं आठवतंय? डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकदम बंदी आणली, आणि आठवड्याभरात ती सैल करावी लागली.

म्हणून माझं मत सरळ आहे. साखर काढून जी शेवटची मळी उरते, तिचं इंधन करा, आनंद आहे. पण विमानासाठी नवीन ऊस लावायला लागलो, तर दिल्लीला जाणाऱ्याचं तिकीट हिरवं होईल आणि इथली विहीर आणखी खाली जाईल. त्यापेक्षा तळणीचं वापरलेलं तेल बघा. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला 2025 मध्ये त्यापासून विमान इंधन बनवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. मंचरच्या, नारायणगावच्या भजी-वड्याच्या कढईतलं तेल पुन्हापुन्हा तापवून आपल्याच पोटात जाण्यापेक्षा विमानाच्या पोटात गेलेलं काय वाईट?

बाकी प्रवाशाच्या हातातलं पटकन सांगतो. शक्यतो थेट विमान घ्या, मध्ये उतरून पुन्हा उडण्यात इंधन जास्त जातं. मोठ्या सीटचा मोह टाळा, जेवढी जागा जास्त तेवढा तुमचा वाटा जास्त. आणि रेल्वे असेल तर रेल्वेनं जा. पुणे-नागपूरला ऑगस्ट 2025 पासून वंदे भारत आहे, दिवसात पोचवते. आपल्या आंबेगाव-जुन्नरला रेल्वेच नाही, हे मान्य. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या दुर्बिणीपाशी अडला, त्यावर एक अख्खा भाग करावा लागेल.

तोवर एक काम करा. घरातलं कुणी कारखान्याचं सभासद असेल, तर यंदाच्या वार्षिक सभेला त्यांच्याबरोबर जा आणि विचारा, आपलं इथेनॉल कशापासून होतं, शेवटच्या मळीपासून की थेट रसापासून? जे उत्तर मिळेल ते मला व्हॉइस मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.