वाण्याची चिठ्ठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे, हा रिवाज मला ठाऊक आहे. परंतु आज मला एक कबुली द्यावयाची आहे. तेव्हा थोडे कडू बोलले तर क्षमा असावी.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी भांडी घासावयास एक बाई येत असे. पुढे तिच्याऐवजी तिची अकरा वर्षांची मुलगी येऊ लागली. पोर चुणचुणीत, कामाला स्वच्छ. मी तिला जुना फ्रॉक दिला आणि मनात स्वतःला उदार समजले. एके दिवशी तिच्या हाती वाण्याची चिठ्ठी दिली. दारापर्यंत जाऊन ती परत आली व म्हणाली, "बाई, याच्यात काय लिवलं हाय? तिसरीत होती तवा मले वाचता येत होतं जी."

मी चरकले. हिची शाळा सुटली कशी, हे मी कधी विचारलेच नव्हते. धानाची मळणी आटोपली, की आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे मिरची तोडावयास तेलंगणात जातात. धाकट्या भावाला सांभाळावयास हिलाही नेत. पुढे हीच तोडू लागली. परत येईतो परीक्षा आलेली. असे दोन हंगाम गेले आणि मागे पडलेली पोर वर्गात बसावयास लाजू लागली.

हातावर पोट असलेल्या आईबापांना मी दोष देत नाही. दोष माझा आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मूल घरकामास ठेवणे हा गुन्हा आहे. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क १ एप्रिल २०१० पासून कायद्याने अमलात आला. तरीही २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले राबत होती. त्यांतील निम्म्याहून अधिक शेतीत. त्यांतलेच एक माझ्या मोरीवर बसलेले होते!

मी तिच्या आईस घेऊन शाळेत गेले. कायद्याप्रमाणे तिला वयाला साजेशा वर्गात घेतले. मला धन्य वाटले. पण माघ लागला, कुटुंब पुन्हा मिरचीला निघाले आणि पोरही गेली. ती नंतर शाळेत आली नाही. तेव्हा मला उमगले, की नाव पटावर घालणे ही अर्धीच गोष्ट आहे; त्या तीन महिन्यांत लेकराला गावात छप्पर आणि ताटात भाकर हवी.

म्हणून माझे मागणे एवढेच, की आपल्यापैकी कोणाच्याही घरी असे मूल कामास नसावे. मळणीच्या दिवसांतच जाणाऱ्या कुटुंबांची यादी करून हंगामी वसतिगृहासाठी शाळेमार्फत वेळेवर अर्ज करावा. जे मूल आजीपाशी राहील, त्याच्या जेवणाची व अभ्यासाची पाळी आपण वाटून घ्यावी. जे जाईलच, त्याच्याजवळ शाळेचे शिक्षण हमी कार्ड द्यावे. तिकडे भाषा तेलुगू, तरी परतल्यावर त्याचे नाव तुटू नये.

१९४२ च्या चिमूरची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. ती त्यांना स्वतः वाचता यावी, इतके तरी आपल्या हाती आहे. पहिली पाळी माझी लिहून घ्या.