खेळता खेळता व्यायाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यायामावर बोलायला मला उभे केले, हे ऐकून आमच्या आळीत हसू झाले असेल. दोन वर्षांपूर्वी ‘हे’ गेले आणि संध्याकाळचे फिरणेही त्यांच्याबरोबरच गेले. डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले, मुलाने फोनवरून रागावून पाहिले. पण चपला पायांत घालायची इच्छाच होईना.

गेल्या दिवाळीला मुलगा आला तो एक यंत्र घेऊन. डोळ्यांवर बांधायचे, वजन सुमारे अर्धा किलो. ते लावले की आपली बैठकीची खोली नाहीशी होते आणि भोवती दुसरेच जग दिसते. याला आभासी वास्तव म्हणतात. त्यात ‘बीट सेबर’ नावाचा खेळ आहे. चेक प्रजासत्ताकातल्या मंडळींनी तो २०१८ साली बाहेर आणला. आपल्या दोन्ही हातांत प्रकाशाच्या तलवारी, आणि समोरून गाण्याच्या ठेक्यावर तांबडे नि निळे ठोकळे येतात. ज्या रंगाची तलवार त्याच रंगाचा ठोकळा, तोही बाण दाखवील त्या दिशेने तोडायचा. मध्येच भिंत येते, तिच्याखालून वाकून निघायचे.

पहिल्या दिवशी मी तीन गाणी खेळले. यंत्र काढले तेव्हा पोलके घामाने ओले! दम लागल्याचे त्या वेळी कळलेच नव्हते. लक्ष सारे ठोकळ्यांवर. गुडघ्याची तक्रार ऐकायला फुरसत कोणाला? मंगळागौरीच्या जागरणात फुगड्या घालताना आपल्यापैकी कोणी ‘मी व्यायाम करते आहे’ असे म्हटले होते का?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझा हुरूप पाहून मुलाने तक्ता केला. रोज तीस मिनिटे, आठवडा भरला की बक्षीस. रोज रात्री फोन, “आई, आज झालं का?” तीन आठवड्यांत यंत्र कपाटात गेले. खेळ तोच, गाणी तीच. मला मात्र तो गृहपाठ वाटू लागला. मग लेकीच्या मुलीने मला एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७१ सालचा प्रयोग वाचून दाखवला. कोडी सोडवण्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांना पैसे दिले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे पूर्वीइतके वळेनात. मी मुलाला म्हटले, “तुझा तक्ता तू घे आणि माझा खेळ मला परत दे.” तो जरा रुसला. आता गाणे मी निवडते, सोपे की अवघड तेही मीच ठरवते, आणि रविवारी नात आली की आमची गुणांची चढाओढ लागते.

साखर थोडी उतरली आहे. त्यात यंत्राचा वाटा किती आणि कमी केलेल्या भाताचा किती, ते देव जाणे!

एक मात्र सांभाळा. ज्यात चित्र धावते आणि शरीर जागीच उभे, असे खेळ सुरुवातीला नकोत. डोळे एक सांगतात, कानाच्या आतला तोल राखणारा भाग दुसरेच सांगतो, आणि मळमळू लागते.

यंत्र मी आज बरोबर आणले आहे. चहानंतर खुर्च्या भिंतीला लावू. पदर नीट खोचून घ्या, आणि खेळणारीच्या हाताच्या टप्प्यात कोणी उभ्या राहू नका. पहिल्याच आठवड्यात मी घरची समई आडवी केली आहे.